इशारा वेळेवर पोचला होता

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. हवामान खात्याचा इशारा आधीच आलेला होता. खोल समुद्रातल्या नौका परत फिरल्या होत्या, होड्या वर ओढून माडांना बांधल्या होत्या. सांगितलेलं सगळं लोकांनी केलं होतं. तरीही देवगडच्या आनंदवाडी बंदरात आश्रयाला नांगरून ठेवलेल्या नौका भरकटल्या, बुडाल्या आणि खलाशी दगावले. देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिन्ही तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले, गावं कित्येक दिवस अंधारात राहिली, झाडावर उरलेला हापूस जमिनीवर आला. या नुकसानाच्या मुळाशी मच्छीमाराचं अज्ञान नव्हतं. वादळात नौका सुरक्षित उभी राहील अशी जागाच नव्हती. आनंदवाडीचा मच्छीमार बंदर प्रकल्प वर्षानुवर्षं रखडलेला होता, आणि तो रखडला तो काही मच्छीमारांना हवामान बदल कळत नाही म्हणून नाही.

हे आधी सांगायचं कारण आहे. या किनाऱ्यावर हवामान बदलाच्या नावानं जे कार्यक्रम येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी एक गृहीतक असतं. किनाऱ्यावरची माणसं रोजच्या मासळीपलीकडे बघू शकत नाहीत, त्यांना पुढच्या तीस वर्षांचा समुद्र दिसत नाही, म्हणून आधी जनजागृती, मग प्रशिक्षण, मग पर्यायी रोजगार आणि मग विकास, अशी ती पायरीपायरीची मांडणी. ती करणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या अनेकांनी या जिल्ह्यात मनापासून काम केलं आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. माझं म्हणणं असं की मालवणच्या किनाऱ्यावर तुटवडा जाणिवेचा नाही. लोकांना जे कळलंय ते ऐकणारी, त्याची मोजदाद ठेवणारी आणि त्यावर वेळेत निर्णय घेणारी यंत्रणा इथे नाही. क्षमता वाढवायची आहे ती आधी तिची.

अरबी समुद्र बदललाय याबद्दल आता शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी वाढली आणि वादळांचा मुक्काम ८० टक्क्यांनी लांबला. हे काम मोलाचं आहे. पण ज्या वाड्यांनी २००९ चं फयान अंगावर घेतलं, त्यानंतर क्यार, महा, निसर्ग, तौक्ते अशी नावं एकामागून एक ऐकली, त्यांना ही वाढ शोधनिबंधातून कळली असं कुणी समजू नये. पेडवे किनाऱ्याला कधी लागत आणि आता कधी लागतात, बांगड्याचा हंगाम कसा पुढेमागे सरकला, किनाऱ्याची वाळू पावसाळ्यात किती जाते आणि दिवाळीनंतर किती परत येते, हे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या प्रत्येक संघाला ठाऊक असतं. ते कागदावर नसतं, कारण कागद घेऊन त्यांच्याकडे नेमानं येणारं कुणी नसतं.

२०१९ चं वर्ष जरा बारकाईनं पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार आलं, त्याच्या पाठोपाठ नोव्हेंबरच्या सुरुवातीला महा. आधीच १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यानंतर खवळलेल्या दर्याचे दिवस, आणि जेव्हा खरी कमाई व्हायची तेव्हा पुन्हा नौका बंदरात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार त्या वर्षी महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर घसरली. तोवरच्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता, आणि वादळांमुळे बुडालेले मासेमारीचे दिवस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. राज्य सरकारनं क्यार आणि महा वादळांसाठी विशेष अर्थसहाय्य जाहीर केलं ते २०२० च्या ऑगस्टमध्ये. मधल्या नऊ महिन्यांत नौकेवरच्या कर्जाचा हप्ता थांबला नाही, खलाशांना दिलेली उचल परत आली नाही, जाळ्यांचं देणं फिटलं नाही.

इशारा पाळून जो घरी बसला, त्याच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई आपोआप त्याच्या खात्यात जमा व्हावी, अशी व्यवस्था या राज्यात उभी करता येते. इशाऱ्याची तारीख हवामान खात्याकडे असते, नौकेची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, डिझेल परताव्याच्या निमित्तानं मच्छीमार सोसायटीकडेही कागदपत्रं असतात. हे तीन कागद एकत्र आणायचे आहेत. मच्छीमारानं कितीही शिबिरं केली तरी हे काम त्याच्या हातून होणारं नाही. आणि ही व्यवस्था नसेल तर पुढच्या इशाऱ्याच्या वेळी कुणीतरी हप्त्याच्या काळजीनं नौका बाहेर काढेल. त्या दिवशी मग पुन्हा म्हटलं जाईल की लोकांमध्ये जागृती नाही.

मासळी घटण्याचं खापर एकट्या हवामानावर फोडणं हाही अन्याय आहे, आणि तो मी इथे मुद्दाम मांडतोय, कारण हवामान बदलाच्या चर्चेत तो सर्रास होतो. पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जातात, त्यात अंड्यांवर आलेली आणि पुरती न वाढलेली मासळीही जाते, हे मालवणचे पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षं सांगत होते. मोर्चे निघाले, समुद्रात संघर्ष झाले, गुन्हे दाखल झाले. अखेर सरकारनं डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांची समिती नेमली. समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला. पर्ससीनचे परवाने आणि हंगाम मर्यादित करणारा आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. प्रखर दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याच्या १९८१ च्या मासेमारी कायद्यातली दंडाची तरतूद कडक व्हायला २०२१ उजाडलं, आणि ड्रोनची गस्त सुरू व्हायला जानेवारी २०२५. या साऱ्या काळात ज्ञान नव्हतं असं एकही वर्ष दाखवता येणार नाही. लोकांनी सांगितलं, समितीनं ते तपासून खरं ठरवलं, आणि तरी प्रत्येक पुढच्या पावलाला वर्षं लागली. तापलेल्या समुद्रात थव्यांवर आधीच ताण असतो, त्यावर ही ओढ पडली तर साठा सावरायला वेळच मिळत नाही. म्हणजे एलईडी रोखणं हाच या किनाऱ्यावर हवामानाशी जुळवून घेण्याचा पहिला कार्यक्रम ठरतो. पण तो परिषदांच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो, कारण त्यात कुणाला तरी दुखवावं लागतं.

माहिती पुरवली की क्षमता आपोआप वाढते, या समजुतीचीही तपासणी व्हायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना येते, मराठीतही येते. शास्त्र म्हणून ती उत्तम सेवा आहे. पण त्या क्षेत्रापर्यंत पोचायला मोठं इंजिन लागतं, आठवडाभराचं बर्फ लागतं, डिझेल लागतं. सहा सिलिंडरच्या ट्रॉलरला त्या सूचनेचा जो फायदा होतो तो रापणीच्या होडीला होत नाही. रापण किनाऱ्यालगत टाकायची आणि वाळूत पाय रोवून दोन्ही टोकांनी ओढायची, तिला दूरच्या क्षेत्राचा काय उपयोग? तिला हवा असतो पुढच्या सहा-आठ तासांतला किनाऱ्याजवळचा वारा, प्रवाहाची दिशा, लाटेची उंची. ते अंदाज जितके किनाऱ्याजवळ आणावेत तितके ढोबळ होत जातात, कारण मोजणारं उपकरण जवळपास नसतं. एकच माहिती सगळ्यांना समान दिली की ज्याच्याकडे साधन आहे तोच पुढे जातो, ही गोष्ट ती सेवा आखताना विचारात घ्यायला हवी होती.

आता मालवणच्या सागरी अभयारण्याकडे वळतो. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं हे पाणी, तिथले प्रवाळ, शेवाळ, मासळीची पैदास हे सारं जपण्याजोगं आहे, यात शंका नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथल्या प्रवाळांचा रंग उडत असल्याच्या नोंदी केल्या आहेत, त्या काळजीत टाकणाऱ्या आहेत. पण ज्यांची जाळी त्याच पाण्यात पडत होती त्यांना विश्वासात न घेता रेषा आखली गेली. परिणाम असा की विरोध आजतागायत शमलेला नाही आणि संरक्षणही मनासारखं झालं नाही. ज्या पर्यावरणप्रेमींना मच्छीमारांचा विरोध म्हणजे अडाणीपणा वाटतो, त्यांनी १९८७ पासूनच्या या काळाकडे पाहावं. रेषा आखण्याआधी संवाद झाला असता तर गाभा क्षेत्र कुठे असावं याबद्दल मच्छीमारांकडूनच जास्त नेमकी सूचना आली असती. मासा अंडी कुठे घालतो हे त्यांनाच ठाऊक.

याच्या अगदी उलट उदाहरण वेंगुर्ल्यात आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानं या जिल्ह्यात २०१२ च्या सुमारास किनारी जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी कांदळवन सफर सुरू केली. वल्ह्याची होडी, वल्हवणाऱ्या आणि माहिती सांगणाऱ्या त्याच. कांदळवनातली चिपीची झाडं तोडू नयेत हे त्यांना कुणी व्याख्यानातून पटवलं नाही. खाडीवर चालणारी कमाई त्यांच्या हाती आली आणि खाडी त्यांची झाली. मी टीका करतोय ती बाहेरून आलेल्या पैशावर किंवा प्रशिक्षणावर नाही, हे यावरून लक्षात यावं. त्याच प्रकल्पात खेकडेपालनही आलं. तेही लोक शिकले, चांगले शिकले. पण खेकड्याचं बीज तमिळनाडूतल्या राजीव गांधी जलशेती केंद्राच्या हॅचरीतून आणावं लागे. बीज वेळेवर आलं नाही तर शिकलेल्या माणसाच्या हातात रिकामं कुंपण उरतं. हॅचरी जिल्ह्यात उभी राहणं हा क्षमताबांधणीचा भाग धरायला हवा होता. शिबिरात किती जण बसले हे मोजणं सोपं असतं, म्हणून तेवढंच मोजलं जातं.

देवबागबद्दल लिहिताना राग आवरणं मला अवघड जातं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे वाळूची अरुंद पट्टी, त्यावर घरं, माड, विहिरी. दर पावसाळ्यात समुद्र आत येतो, दर वर्षी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते, आणि ती करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्याच्या अंगणातला माड लाटेनं नेला तो दगडच मागणार. पण दगडी भिंत जिथे उभी राहते तिथली लाट वाळू खरवडून नेते आणि भिंत संपते त्या टोकाला धूप वाढते, हे किनारा अभियांत्रिकीतलं जुनं ज्ञान आहे. भिंतीपुढचा किनारा गेला की रापण ओढायला जागा उरत नाही. कर्लीतल्या वाळू उपशामुळे किनाऱ्याला येणारी वाळू किती घटली, याचा हिशेब बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात मांडायला हवा की नको? चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं उपग्रहांच्या चित्रांवरून १९९० ते २०१८ या काळात देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजला असं दाखवलं. देशासाठी हा आकडा ठीक. पण देवबागच्या कुठल्या वाडीपुढची वाळू कोणत्या महिन्यात कुठे जाते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ठरावीक अंतरावर खांब रोवून दर महिन्याला उंची लिहून ठेवावी लागते. गावातली दोन शिकलेली मुलं हे करू शकतात. पाच वर्षांच्या नोंदी हाती असत्या तर भिंत कुठे हवी, कुठे नको, कुठे वाळू टाकायची आणि कुठलं बांधकाम मागे घ्यायचं, हे गावालाच ठरवता आलं असतं.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही भांडायचं आहे. पारंपरिक ज्ञान पुरेसं आहे, बापजाद्यांना सगळं कळत होतं, शास्त्रज्ञांनी किनाऱ्यापासून दूर राहावं, असं म्हणणारेही आहेत. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण हे म्हणणं आता खरं राहिलेलं नाही. वाऱ्याचं, उधाण-भांगाचं, ढगांचं जे शास्त्र नौकांच्या तांडेलांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलं, ते बऱ्यापैकी ठरलेल्या ऋतुचक्रावर उभं होतं. पहाटेचा मतलई वारा अमुक दिवसांत पडतो, अमुक नक्षत्रात समुद्र शांत होतो, हे ठोकताळे त्या चक्राचे. पाण्याचं तापमान वाढलं, पावसाचा माघारीचा काळ हलला, ऐन हंगामात वादळं येऊ लागली की ते ठोकताळे दगा देतात, आणि दगा देतात हे सर्वांत आधी जुन्या तांडेलांनाच जाणवलं. त्यांना हवं आहे नवं मोजमाप, त्यांच्या जुन्या समजेशी ताडून बघता येईल असं. जुनं ज्ञान गोठवून त्याला नमस्कार करत बसणं म्हणजे त्या माणसांची समज मोडीत काढणंच आहे.

मग असं मोजमाप कुठे टिकतं? याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासून एका जागी आहे. तिथून वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही काजूची वाणं आली आणि कोकणातल्या बागा बदलल्या. साका न धरणारा रत्ना आंबा १९८१ मध्ये आणि जवळजवळ कोय नसलेला सिंधु १९९२ मध्ये तिथूनच आला. एक आंबा सिद्ध व्हायला दोन दशकं लागतात, तेवढा काळ तीच झाडं, तीच जमीन आणि नोंदी पुढच्या माणसाच्या हाती देणारी माणसं तिथे होती. पाच-सहा वर्षांच्या प्रकल्पातून रत्ना आला नसता. तरीही आज हापूसपुढे नवे प्रश्न आहेत: थंडी कमी पडून मोहर पुढे जाणं, फेब्रुवारी-मार्चच्या उष्णतेनं होणारी फळगळ, तुडतुडे आणि थ्रिप्स, अवकाळी पाऊस. बागायतदार हे सगळं तोंडपाठ सांगतो. त्याचा विमा मात्र त्याच्या बागेत काय झालं यावर ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं काय नोंदवलं यावर ठरतो. एकाच मंडळात खाडीकाठची बाग असते आणि कातळावरचीही असते, दोन्हींचं तापमान वेगळं. केंद्र चुकीच्या जागी असेल किंवा बंद पडलं असेल तर नुकसान होऊनही कागदावर ते झालेलंच नसतं. बागायतदाराला हवामान साक्षर करण्याआधी ते केंद्र बागेजवळ आणायला हवं.

म्हणून माझी मागणी अशी आहे की वेंगुर्ल्यात फळांसाठी जे आहे तसं समुद्रासाठी मालवणला असावं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ आहे, समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला, महासागर सेवा हैदराबादला, मत्स्य संशोधन संस्थेचं मुख्यालय कोचीला. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण मालवणच्या पाण्याचं तापमान, भरती-ओहोटी, लाट, किनाऱ्याची उंची आणि रोज उतरलेली मासळी यांची अखंड नोंद ठेवणारी, मंजूर आणि भरलेली पदं असलेली जागा मालवणात हवी. त्या नोंदीत मच्छीमार सोसायट्या आणि रापण संघ भागीदार असावेत, मानधन घेऊन. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवली आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या बडग्यामुळे २०१९-२० च्या सुमारास हे काम घाईनं उरकलं गेलं. ती नोंदवही दर वर्षी नव्यानं भरायची, समुद्रासकट, आणि बंधारा, जेट्टी, पर्यटनाचा प्रकल्प यांपैकी काहीही मंजूर करण्याआधी ती उघडायची, एवढं केलं तरी ग्रामसभेच्या म्हणण्याला वजन येईल.

मच्छीमारांच्या नोंदी शास्त्रीय नसतात, हा आक्षेप येईल. केरळात २०१७ च्या ओखी वादळात इशारा वेळेवर पोचला नाही आणि अनेक मच्छीमार गेले. त्यानंतर तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, ब्रिटनमधलं ससेक्स विद्यापीठ आणि हैदराबादचं महासागर केंद्र यांनी छोट्या होड्यांच्या मच्छीमारांसोबत बसून त्यांना उपयोगी पडतील असे स्थानिक अंदाज घडवायचा प्रयत्न केला. तिथे मच्छीमार हे माहिती घेणारेही होते आणि देणारेही. शास्त्राला त्यानं काही कमीपणा आला नाही. मालवणच्या तांडेलाला तापमापक आणि वही द्या, कशी लिहायची ते एकदा दाखवा, आणि मग त्या नोंदी खुशाल तपासा.

पैसा नाही, हा दुसरा आक्षेप टिकणारा नाही. हरित हवामान निधीनं आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. २०१९ पासून सहा वर्षांसाठी आखलेल्या त्या प्रकल्पात सिंधुदुर्ग जिल्ह्याचा समावेश होता. कांदळवनं लावली गेली, खेकडे, कालवं, शोभेचे मासे, श्री पद्धतीची भातशेती असं बरंच काम त्यात धरलेलं होतं. त्या काळात या जिल्ह्याच्या खाड्यांबद्दल, शेतीबद्दल, पाण्याबद्दल जे काही मोजलं गेलं, ते आता कोणत्या कार्यालयात आहे, कुणाच्या ताब्यात आहे, मराठीत आहे का, आणि आचरा, देवबाग किंवा निवतीच्या ग्रामपंचायतीला ते मागितल्यावर किती दिवसांत मिळेल, हे चार प्रश्न जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी विचारले जावेत आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात नोंदवली जावीत. प्रशिक्षणाच्या नव्या प्रस्तावावर सही त्यानंतर व्हावी.